मोठ्या सिस्टरांची शिस्त

"जंतू वेगवेगळ्या जातीचे म्हणता, मग दोघांचं वागणं एकच कसं?" मोठ्या सिस्टरांनी विचारलं.

लॅबवाल्याने दोन काचेच्या बश्या त्यांच्या टेबलावर ठेवल्या होत्या. एकीत आधी तीन नंबरच्या खाटेवर असलेल्या आजोबांच्या लघवीतले जंतू, दुसरीत सहा नंबरच्या शिवणवालीच्या फुप्फुसातले. औषधात भिजवलेल्या कागदाच्या प्रत्येक टिकलीभोवती जंतू मरून स्वच्छ गोल पडायला हवा होता. इथे एक टिकली सोडली तर बाकी सगळ्यांना ते खेटून बसले होते.

सिस्टरांना जुने गोल आठवले, मनगटी घड्याळाच्या तबकडीएवढे. सकाळी इंजेक्शन दिलं की संध्याकाळी ताप उतरायचा आणि नातेवाईक नर्सलाच डॉक्टर म्हणायचे. किती सोपे दिवस होते ते. त्यांचा जीव हळहळला.

"परीक्षेत एकाला उत्तर सापडलं की चिठ्ठी शेजाऱ्याकडे जाते ना, तसं," लॅबवाला म्हणाला. "औषधाला न जुमानायची युक्ती एक जंतू दुसऱ्याला देतो. जात बघत नाही."

पण आजोबा घरी गेल्यावर आठ दिवसांनी शिवणवाली आली होती. मग चिठ्ठी दिली कुठे? लॅबवाल्याने हात धुवायच्या बेसिनकडे पाहिलं. त्याच्या नळीतल्या बुळबुळीत थरात दोन्ही जंतू सापडले होते, त्याच युक्तीसकट. तिथे रोज थोडं थोडं औषध जात होतं. कच्चे जंतू मेले, निर्ढावलेले उरले, आणि पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर बाहेर पडले.

औषध कोण ओततं, हे त्याने विचारलं नाही. सगळ्या हॉस्पिटलला ठाऊक होतं. कुपीत उरलेलं इंजेक्शन बेसिनमध्ये रिकामं करायचं आणि वर दोन मग पाणी सोडायचं, ही मोठ्या सिस्टरांची शिस्त. टेबलावर अर्धी कुपी दिसली की त्यांचं डोकं फिरायचं. एकदा तर त्यांनी एका डॉक्टरांनाच कुपीसकट बेसिनपाशी पिटाळलं होतं, आणि ते निमूट गेले होते.

लॅबवाला भला माणूस. तुम्ही महिनाअखेरीला रिटायर होताय, मी अहवालात नुसतं बेसिन लिहितो, पद्धत कुणाची ते कशाला, असं त्याचं म्हणणं पडलं.

सिस्टर उठून सहा नंबरपाशी गेल्या. शिवणवालीला आता एकच औषध लागू पडत होतं, तेही मूत्रपिंडांच्या मुळावर उठणारं. ती वाचेल की नाही, कुणीच सांगत नव्हतं. तिची चादर नीट करून सिस्टर परत आल्या.

"माझी पद्धत म्हणून लिहा," त्या म्हणाल्या.

दुपारी प्लंबरने बेसिन उखडलं. तेवढ्यावर भागण्यासारखं नव्हतं. तीस वर्षांत त्यांच्या हाताखालून गेलेल्या मुली आता कुठल्या कुठल्या हॉस्पिटलात मोठ्या सिस्टर झाल्या होत्या. त्यांच्या नंबरांची वही सिस्टरांनी उघडली. कुणाच्या नावापुढे 'रडूबाई' लिहिलं होतं, कुणापुढे 'सुई बघून घाबरते'. सिस्टरांना हसू आलं आणि डोळेही भरले.

पहिला फोन रडूबाईला. तिला केवढा आनंद झाला. तुमचीच शिस्त इथे चालवते, म्हणाली, माझ्या मुलींच्या टेबलावर अर्धी कुपी दिसायची बिशाद नाही.

"म्हणूनच फोन केलाय गं," सिस्टर म्हणाल्या. "मी तुम्हाला चुकीचं शिकवलं."

बेसिनच्या नळीत काय सापडलं, ते त्यांनी तिला पहिल्यापासून सांगितलं. मग फोन ठेवून सिस्टरांनी वहीतल्या पुढच्या नावावर बोट ठेवलं.