मायचं पान

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत माय आणि बाबा मेहकरच्या एकाच दवाखान्यात भरती होते. बाबा सत्तरीचे, त्यात शुगर. तरी ते स्वतःच्या पायांनी घरी आले. माय त्यांच्याहून कितीतरी लहान. ती आली नाही.

"हिमोग्लोबिन फक्त पाच होतं," डॉक्टर मला म्हणाले. "ऑक्सिजन लावला, पण तो अंगभर पोचवायला रक्त तर हवं. हे आजचं नाही, आधीपासूनचं आहे."

किती आधीपासूनचं, ते मला कोणी सांगायला नको. आमच्या जानेफळच्या घरी मटण शिजलं की कलेजी बाबांच्या आणि भावांच्या ताटात जायची. सगळ्यांचं झाल्यावर माय रिकाम्या गंजात भाकर फिरवायची आणि म्हणायची, "मले तं रस्साच आवडते." ते आम्हाला खरं वाटायचं, कारण ते सोयीचं होतं.

तेरवीला पहिलं पान तिच्या नावानं वाढलं. पुरणपोळी, वडे, वर तुपाची धार. पान गच्चीवर ठेवलं. कावळा शिवल्याशिवाय पंगत बसणार नव्हती, आणि कावळे समोरच्या कडुलिंबावरून हलेनात. ऊन चढलं. भुकेनं भावांची चुळबुळ सुरू झाली.

बाबांनी हात जोडले. "कावळा काऊन शिवून नाही राह्यला? कायच्यात जीव अडकला असन हिचा?"

मला राहवलं नाही.

"तिले आधी जेवाची सवय नाही, बाबा. तुम्ही सारे जेवून घ्या. मंग येईन ती."