बाबांच्या नावेसाठी उघडलेलं दार

मी कालव्याच्या दाराचा दांडा बोलतोय. जात ओकच्या लाकडाची, स्वभाव तिरसट. इंग्लंडातल्या या उतारावर नाव हौदात घेतात, पाणी सोडतात, की नाव खालच्या पातळीला उतरते. त्या हौदाचं वरचं दार माझ्या जिवावर फिरतं. मला हातानं ढकलतो तो नवखा. आमची माणसं पाठ लावून रेटतात.

पूर्वी इथून कोळशाच्या नावा जायच्या. नावाड्यांचं घरदार नावेतच. पोरं पुढे धावत येऊन दार उघडून ठेवायची, म्हणजे बापाचा खोळंबा नको. त्यांतली हेटी माझी लाडकी. मला थोपटायची आणि सुसाट पुढच्या हौदाकडे!

मग ट्रक आले, नावा गेल्या. आता लोक माझ्यावर बसून सँडविच खातात, वर चाकूनं नावं कोरतात. मेले!

आज दुपारी एक गाडी थांबली. कॉलिन नावाचा माणूस म्हाताऱ्या आईला घेऊन उतरला आणि बाजूला येऊन फोनवर हळूच बोलला, "हो, आजच आणतोय. वृद्धाश्रमाचं नाही सांगितलं. घरी जातोय म्हटलंय. पण ती गाडीतच बसत नाही हो! सकाळी ओढत बसवली."

इकडे म्हातारी माझ्याकडे वळली. पाठ टेकवली, टाचा पायाखालच्या विटांत रोवल्या. अरेच्चा, ही तर हेटी!

"आई, पडशील!"

"बडबडू नकोस. लाव पाठ. बाबा येताहेत मागून."

हौद काठोकाठ भरलेला होता, म्हणून दार हलण्याजोगं होतं. दोघांनी रेटलं, मी फिरलो. हेटी कालव्याकडे बघत राहिली. पाण्यावर दोन बदकं, बाकी काही नाही.

"आई, आजोबा तर..." कॉलिन बोलता बोलता थांबला. मला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात तिनं मला थोपटलं. "इथंच रेंगाळून कसं चालेल? पुढचं दार उघडायचंय. चल रे, बाबा ओरडतील!" आणि आपणहून गाडीत जाऊन बसली.

कॉलिन माझ्यावर डोकं टेकून रडला. मग डोळे पुसून म्हणाला, "आलो गं आई." गाडी गेली.

मागे नाव नसेल तर दार लावून जायचं, ही आमची रीत. उघडं टाकून जाणाऱ्यांना मी जन्मभर शिव्या घातल्या. पण वाटसरूंनो, आजच्या दिवस मला लोटू नका. हेटीचे बाबा यायचेत.