डाव्या भिंतीचा रंग

त्या घरात दोन पेंटर होते. पण सरकारी कागदावर बापाच्या नावापुढे ‘पेंटर’ लागायचं आणि मुलीच्या नावापुढे ‘चित्रकार’. बापाला त्याचं कधी वाईट वाटलं नव्हतं. एकतीस वर्षं त्याने बस बांधण्याच्या कारखान्यात रंगाची गन चालवली, म्हणून कारखान्यात त्याला सगळे पिस्तुल्या म्हणत. बसच्या अंगावर रंग काचेसारखा बसला पाहिजे, कुठे ओघळ दिसला की त्याला नाक कापल्यासारखं व्हायचं.

मुलीचं काम निराळं. कॅनव्हासला तिने केव्हाच रामराम ठोकला होता. कधी गंजक्या पत्र्यावर ओली चादर पसरून गंजाचे ठसे घे, कधी डांबर वितळवून ओत, कधी काचेवर काजळी धरून तिच्यावर पिसाने रेघा ओढ. आई म्हणायची, हिच्या चित्रांपेक्षा त्यांचा वासच घरात जास्त दिवस टिकतो. पिस्तुल्याला त्यातलं फारसं कळत नसे. पोरगी हाताने राबते, एवढं त्याला पुरत होतं.

त्याला निवृत्त होऊन चार वर्षं झाली आणि कारखान्याने जुना बूथ पाडायला काढला. बूथ म्हणजे बसला रंग मारायची बंद खोली. गनमधून उडालेला निम्मा रंग बसवर बसतो, उरलेला हवेत तरंगतो आणि भिंतींवर नाहीतर माणसांच्या छातीत जाऊन बसतो. तीस वर्षांत त्या भिंतींवर चार बोटं जाडीचा थर चढला होता. मुलीने परवानगी काढली, ग्राइंडरने त्या थराच्या लाद्या कापल्या आणि सहा महिने त्या घासल्या. वरचा करडा खडबडीत पापुद्रा निघाला की आतून पिवळे, तांबडे, निळे, हिरवे पट्टे झाडाच्या वर्तुळांसारखे उमटायचे. बापाला तिने यातलं काही सांगितलं नाही. प्रदर्शनाच्या दिवशी त्याला चकित करायचं तिच्या मनात होतं.

त्या संध्याकाळी पिस्तुल्या इस्त्रीचा शर्ट घालून, खिशात दम्याचा पंप ठेवून बायकोबरोबर गॅलरीत गेला. पांढऱ्या भिंती, वर बारीक दिवे, आणि समोरच सर्वांत मोठी लादी. तो जवळ गेला आणि जागीच थबकला. पिवळा शाळेच्या बसचा. त्याखालचा तांबडा लांब पल्ल्याच्या गाड्यांचा, तो सुकायला फार वेळ घ्यायचा. लोक चित्र वाचल्यासारखं नुसतं करतात, तो खरोखर वाचत होता. खाली कागद लावला होता. त्यावर लिहिलं होतं: ‘कोणीही न रंगवलेलं चित्र. काळ आणि योगायोग यांनी घडवलेलं.’

त्याने ते दोनदा वाचलं. 

तेवढ्यात टाळ्या वाजल्या. पाहुणे म्हणून कारखान्याचे जुने मॅनेजर आले होते, तेच साहेब. नाकावर लावायचे गाळणीचे मुखवटे ज्यांनी आयुष्यभर कपाटात कुलपात ठेवले आणि तपासणीला कोणी येणार असलं तरच वाटले, ते साहेब. ते बोलले की आमच्या कारखान्याच्या भिंतींमध्येसुद्धा कला दडली होती, ती या मुलीने शोधली. मोठी लादी आपल्या दिवाणखान्यात शोभेल, असंही म्हणाले. व्यासपीठावरून खाली उतरताना ते पिस्तुल्यापाशी थांबले, त्याच्याकडे बघून हसले आणि विचारलं, “तुम्ही या गॅलरीतच काम करता का?”

 साहेबांना सुनवायचं म्हणून एकतीस वर्षांत जे शंभर वेळा घोकलं होतं, त्यातला एक शब्द पिस्तुल्याच्या तोंडातून फुटला नाही. त्याने नुसती मान हलवली, आणि ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, हे त्यालाही कळलं नाही.  घरी जाताना त्याला साहेबाचा राग होता, मुलीचा होता, पण सर्वांत जास्त त्या हललेल्या मानेचा होता.

सकाळी मुलगी पेढे वाटायला निघाल्यासारखं तोंड करून आली. कसं वाटलं, म्हणून तिने विचारलं. पिस्तुल्याने चहाचा कप बशीत आपटला.

“कोणीही न रंगवलेलं, असं लिहिलंस तू.”

ती गडबडली. ते गॅलरीवाल्या बाईंनी सुचवलं, असं म्हणाली. अर्थ असा की कोणी ठरवून रंगवलेलं नाही. लोकांना त्याचंच अप्रूप वाटतं.

“आणि तू हो म्हणालीस.”

मग तीही पेटली. बापाचाच स्वभाव तिच्यात उतरला होता. सहा महिने आपली बोटं सोलवटली, ती भिंत मलब्यात जाणार होती, आपण नसतो तर आज तिच्यावरून ट्रक गेले असते, हे सगळं तिने भडाभडा सांगितलं. “रंग तुमचा होता, बाबा, मी नाही म्हणत नाही. पण तीस वर्षं ती भिंत तुमच्यासमोर होती. तुमच्यापैकी एकाने तरी तिच्याकडे पाहिलं का?”

“आम्ही तिथे बघायला जात नव्हतो,” तो म्हणाला. “ती मोठी लादी डाव्या भिंतीची आहे. ती माझी नाहीच. ती डावखुऱ्याची आहे.”

डावखुरा म्हणजे त्याचा जोडीदार. बसच्या एका बाजूला पिस्तुल्या, दुसऱ्या बाजूला तो, अशी त्यांची सव्वीस वर्षं गेली. स्वतःच्या निवृत्तीला दोन वर्षं असताना छाती भरून तो गेला. कारखान्याने हार पाठवला होता.

 डाव्या भिंतीची हे कसं ओळखलं, एवढंच मुलीने विचारलं. त्याने रिकामा हात उचलून दाखवला. उजव्या हाताने मारणारा गनचा फेर संपताना मनगट असं वळवतो, मग रंगाचं धुकं इकडे उडतं आणि भिंतीवरच्या रेघा इकडे कलतात. डावखुऱ्याचं सगळंच उलटं. त्या लादीच्या रेघा उलट्या कललेल्या आहेत. सांगता सांगता त्याला धाप लागली. आईने पंप पुढे केला आणि मुलीकडे बघून म्हणाली, “आता तरी खाली बस, आणि ऐक.”

त्या कललेल्या रेघांमुळेच मुलीने ती लादी समोर लावली होती. वारा वाहतोय असं वाटतं, असं ती सगळ्यांना सांगत आली होती. ती बसली खरी, पण माफी मागितली नाही, आणि त्यानेही मागायला लावली नाही. तासभर दोघे एकमेकांकडे न बघता बोलले. बूथमध्ये कोण कोण होतं, कोण कधी गेलं, कोणाला ऑक्सिजन लागतो, हे तो सांगत गेला आणि ती लिहीत गेली. सोळा नावं झाली. त्यातली सात माणसं उरली नव्हती.

दुपारी ती बापाला घेऊन गॅलरीत गेली आणि तो कागद तिने स्वतःच्या हाताने फाडला. गॅलरीवाल्या बाई धावत आल्या. त्या वाईट नव्हत्या, पण घाबरल्या होत्या. “काका, नावं लावली की चित्रातलं गूढ जातं,” त्या पिस्तुल्याला समजावू लागल्या.

“जाऊ दे ना,” तो म्हणाला. “त्यात गूढ कधी नव्हतंच. आम्ही होतो.”

मुलीने पेन्सिलने थेट पांढऱ्या भिंतीवर लिहायला घेतलं. आधी सोळा जणांची हजेरीपटावरची पूर्ण नावं, मग कोण कोणत्या भिंतीला होता ते, आणि शेवटी मुखवटे कुठे ठेवलेले असायचे ते. कोणाचं काय झालं, तेही लिहिलं. सर्वांत खाली, ‘कापलं आणि घासलं’ असं लिहून स्वतःचं नाव. ते तिने गाळलं नाही, आणि पिस्तुल्याला ते आवडलं.

दोन दिवसांनी साहेबांचा फोन आला. ते बदनामीची भाषा बोलले, मग लादी नको म्हणाले. खोटं काय लिहिलं ते सांगा, पुसते, असं मुलीने उत्तर दिलं. पलीकडून फोन ठेवला गेला. बाईंनी पुढच्या वर्षीचं तिचं प्रदर्शन रद्द केलं. हे बापाला सांगताना ती त्याच्यावर पुन्हा चिडली. “आता मला बरं वाटेल असं काहीतरी बोला,” ती म्हणाली. 

दुसऱ्या दिवसापासून तो रोज गॅलरीत जाऊ लागला. जुने पेंटर येऊ लागले, त्यांची मुलं येऊ लागली. शेवटच्या आठवड्यात डावखुऱ्याची बायको आली. ती भिंतीवरचं सगळं सावकाश वाचत गेली, नवऱ्याच्या नावापाशी थांबली नाही.

“भाऊजी, यातला त्यांचा रंग कुठला?”

“ही मोठी लादी सगळीच, वहिनी.”

तिने लादीवर तळवा टेकवला. हात लावू नये अशी पाटी होती, पण कोणी अडवलं नाही. तांबड्या पट्ट्यावर तिचं बोट थांबलं. “हा नखातून निघायचा नाही. शेवटच्या दिवशी मी चाकूने खरवडत होते.” ती रडली नाही. तिने मुलीकडे वळून विचारलं, “विकणार आहेस?”

मुलीने बापाकडे पाहिलं. त्याने नजर दुसरीकडे वळवली. हे उत्तर तिचंच होतं.

“काकू, तुम्हाला हवी असेल तर घेऊन जा.”

“मला काय करायची? सव्वीस वर्षं घरात त्याचाच वास होता.” तिने हात काढून घेतला आणि पदराला पुसला. “माणसं येतील अशा जागी लाव. आणि ही नावं पेन्सिलने का लिहिलीस गं? उद्या कोणीही पुसेल.”