बकरा कोणी नेला?

मोहहेटीच्या वच्छलाबाईनं पेपराला पत्र लिहिलं की तिसऱ्या दिवशी साहेबाची जीप गावात येणार, हे वीस वर्षं ठरलेलं. बाई अंगणवाडीची. हापशीचा दांडा तिच्या पत्रानं आला, वाकलेला विजेचा खांब तिच्या पत्रानं सरळ झाला. 'वाचकांचं म्हणणं' या चौकटीत चार ओळी छापून आल्या की साहेबलोकांचा चहा थंड व्हायचा.

म्हणून यंदा अंगणवाडीच्या वाटेवर, रायमुनियाच्या झुडपांत दोनदा वाघ दिसला, तेव्हा बाईनं पत्रच लिहिलं. 'अठरा लेकरं या वाटेनं येतात. झुडपं माणसाहून उंच झाली. कापा.'

तिसऱ्या दिवशी जीप नाही, फोन आला. पेपरातले उपसंपादक आदेशभाऊ.

"बाई, पत्र बढिया हाये. पण ते पान आता बदललं. 'आमनेसामने' झालं. दुसरी बाजू पायजे."

"कोनाची?"

"झुडपांची."

"अन् वाघाची नोको काय?"

"असन कोनी त्याच्याकडून बोलनारा, तं नंबर द्या ना!"

बाईला वाटलं, भाऊ गंमत करून राह्यला. रविवारी पान आलं. डावीकडे तिचं पत्र, वर मथळा: 'झुडपं तोडा! एका बाईचा आक्रोश'. उजवीकडे 'झुडपं आमची शान', लेखक सरपंचाचा पुतण्या पियुष. हा आठ वर्षांपासून नागपुरात. गावात फक्त पोळ्याला येतो, तेही जेवायला. खाली मोबाईलवर बटण दाबायचं: होय की नाही.

संध्याकाळपर्यंत गावात दोन पार्ट्या. तोडे अन् राखे. कालपर्यंत त्या झुडपाआड लोटा घेऊन बसणाऱ्यांनी आज त्याच झुडपाचं फूल मोबाईलवर स्वतःच्या थोबाडाच्या जागी लावलं. एका टपरीवर चहा पिणं बंद झालं.

बाईनं वनखात्याच्या साहेबाला फोन लावला.

"बाई, विषय वादग्रस्त झाला," साहेब खुशीत होते. "आता आम्हाला हात लावता येत नाही."

"अठरा लेकरं कदी वादग्रस्त झाले जी?"

फोन कट.

पान गाजलं, तसं पेपरानं 'आमनेसामने'चा जाहीर कार्यक्रमच ठेवला, थेट झुडपांपाशी. मंडप आला, भोंगा आला. आता मोहहेटीत मटणाच्या रश्शाशिवाय कोणतीच सभा होत नाही. तेवढ्या एका मुद्द्यावर तोडे अन् राखे दोघंही राजी झाले. बकरा आणला. ऊन तापलं होतं, म्हणून सावलीला बांधला. झुडपालाच.

पियुषनं माईक धरला. "मित्रहो, वाघ हा विरोधकांचा बनाव आहे!"

मागून बकरा एकदाच ओरडला. पिवळं काहीतरी निघालं, दोर तुटला, झुडूप हललं अन् गप झालं.

मग काय! शेजारच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत तोडे, राखे, सरपंच, भोंगेवाला, सगळे एकावर एक. पियुष तर आदेशभाऊच्या खांद्यावर, माईकसकट. बाई एकटी खाली उभी. ती अंतर पाहत होती. झुडपापासून अंगणवाडीच्या दारापर्यंत चाळीस पावलं. लेकराची असतील साठ.

दुसऱ्या दिवशी पानावर सवाल: 'बकरा कोणी नेला? वाघानं की विरोधकांनी?'

'विरोधकांनी' हे उत्तर तुफान मतांनी निवडून आलं. ट्रॉलीतल्या सगळ्यांनी तेच बटण दाबलं. विरोधक काय, दोन्हीकडे होतेच.

मंगळवारी अंगणवाडीत एकही लेकरू आलं नाही. अठरा लेकरांची खिचडी गंजात गार झाली. बाईनं गंजावर झाकण आपटलं, घरून कुऱ्हाड आणली. आधी थाळी बडवून झुडपं धुंडाळली, मग पहिला घाव घातला.

गाव जमलं. वाटेच्या अलीकडे तोडे, पलीकडे राखे. तोड्यांच्याही हाती मोबाईलच.

"वच्छलाबाई, झुडपांचा निकाल तं लागू द्या!" पियुष लांबून ओरडला.

"तुह्या निकालाले आग लागो! वीस वर्सं पेपरात लिहून राह्यली मी, तवा कोनी इचारलं नाई का हापशीच्या दांड्याची दुसरी बाजू कोनती. ये, या झुडपात उभा राय अन् दे भाषण. मंग ऐकते!"

पियुष आला नाही. राख्यांमधून अंजनाबाई निघाली, हातात विळा.

"अवो आजी, तुमी तं आपल्या पार्टीच्या! 'नाई'चं बटन दाबलं ना तुमी?" राख्यांमधला एक पोट्टा ओरडला.

"बटन नातवानं दाबलं रे मुडद्या. नात माही इथूनच चालत जाते."

तिच्यामागून दोघी आल्या, मग चौघी. कोणी कोणत्या पार्टीची, कोणी विचारलं नाही. दुपारपर्यंत शेवटचं एक झुडूप उरलं. बकऱ्याच्या दोराचा तुकडा अजून त्यालाच लोंबत होता.

तेवढ्यात बाईचा फोन वाजला. आदेशभाऊ. "बाई, थांबा जरा! फोटोवाला निंगाला हाये. अन् दुसऱ्या बाजूचं बी कोनी हाये ना तिथी?"

"हाये ना. घ्या, बोला." बाईनं आवाज मोठा करून फोन झुडपाच्या बेचक्यात ठेवला.

"हॅलो? नमस्कार जी. आपलं मत सांगा. हॅलो?"

अंजनाबाईनं घाम पुसला. बाईनं कुऱ्हाड उचलली अन् फोनच्या हातभर खाली, बुडाशी घातली.