राजवाड्यातला बिडाचा खांब

मी या राजवाड्याच्या दरबार हॉलातला मधला खांब बोलतोय. संगमरवराचा नव्हे, बिडाचा. वाळूच्या साच्यात लोखंड ओतून घडवलेला आणि आतून पोकळ. तरीही या घरातल्या बहुतेक पुरुषांपेक्षा भरीव.

समुद्रापलीकडच्या कारखान्यात आमचे खांब, कमानी, सज्जे सुटे सुटे ओतले, अंगावर आकडे उमटवले आणि जहाजात भरले. इथे आणून बोल्ट आवळले, की झाला राजवाडा! राज्य तेव्हा परक्यांचं होतं. राजाच्या ताब्यात उरल्या होत्या मिशा. त्यांना पीळ देत तो रंगाऱ्याला म्हणाला, "लाटसाहेबांना हे लोखंड दिसता कामा नये."

रंगाऱ्याने मला पांढरं केलं, वर निळसर शिरा काढल्या. लाटसाहेब आला आणि त्याने मला टिचकी मारली. टण्ण वाजलं. तो हसला. राजाही हसला. आपल्यालाच हसताहेत हे कळूनही हसणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. पुढे सवय झाली.

राज्य गेलं, ऐट राहिली. राजाच्या पणतवाने दरबार हॉल लग्नांना भाड्याने द्यायला काढला. वर सज्ज्याला लागून त्याची म्हातारी आत्या राहते. लहानपणी उन्हाळ्यात ती माझ्या गार अंगाला गाल लावून उभी राहायची. या घरात मला फक्त तिच्याबद्दल तक्रार नाही.

परवा पणतू कंत्राटदाराला घेऊन आला. "हा खांब उडवा. नवरानवरीच्या फोटोत आडवा येतो."

"साहेब, वरचा सज्जा यावरच आहे," कंत्राटदार चाचरला.

"शोभेचा खांब आहे हो तो! चालवा मशीन."

माझ्या कमरेतून ठिणग्या उडाल्या. वर आत्याची खुर्ची थरथरली. ती कठड्याशी आली.

"काय चाललंय रे?"

"काही नाही आत्या, जरा जागा मोकळी करतोय."

"असं? मग वर ये. माझ्या खुर्चीत बस आणि तिथून सांग त्याला, काप म्हणून."

पणतवाने कपाळ पुसलं. जिन्याकडे पाहिलं. पाय काही उचलेना. कंत्राटदाराने न विचारताच मशीन बंद केलं.

"निदान जोड तरी देऊ या," तो म्हणाला.

"लग्नसराई संपू द्या, मग बघू."

काप खोल गेलाय. त्यावर आता गुलाबी साटीन गुंडाळलंय, आणि मला टेकून रोज नवे व्याही फोटो काढून घेतात. माझी एकच विनंती आहे: जोड द्या. तुमच्या डोक्यावर सज्जा कोसळला, तर मला सुतक नाही. पण वर आत्या आहे.