गाजरगवत न विसरणारी पेशी

मित्रांनो, मैत्री नावाच्या मुलीच्या नाकाच्या आतल्या ओलसर अस्तरात मी राहते. मी एक जुनी टी-पेशी आहे, शरीराची राखणदार. डोळ्यांना दिसत नाही, पण तुमच्याही अंगात माझ्यासारख्या पुष्कळ जणी आहेत.

माझा जन्म हाडाच्या मगजात झाला आणि शिक्षण छातीच्या हाडामागच्या एका लहानशा ग्रंथीत. ती शाळा फार कडक होती. जी पेशी स्वतःच्याच शरीरावर धावून जाई, तिला तिथेच मरावे लागे. जिला काहीच ओळखता येत नसे, तिचीही तीच गत. माझ्या बहुतेक मैत्रिणी तिथेच संपल्या. मी उरले.

मैत्री तेव्हा शाळकरी होती. दिघीत लष्कराच्या कुंपणालगत त्यांचे घर, आणि कुंपणाकडेला गाजरगवत माजलेले. पावसाळा संपत आला की त्याला पांढरा फुलोरा येई. एकदा एका पहारेकरी पेशीने त्या परागाचा तुकडा गळ्यातल्या गाठीत आणून माझ्यापुढे धरला. पराग बिचारा निरुपद्रवी होता. पण मी त्याला शत्रू ठरवले आणि शेजारच्या पेशींना त्याच्याविरुद्ध शस्त्रे बनवायला लावली. ती शस्त्रे नाकातल्या दाहक पेशींवर जाऊन बसली. पुन्हा पराग आला की त्या पेशी फुटत. मग खाज, पाणी, शिंकांवर शिंका. काही तासांनी मी आणखी फौज बोलावी आणि नाक सुजून बंद होई. माझ्या चोखपणाचे मला कौतुक वाटे.

मैत्री मोठी झाली आणि चाकणच्या एका कारखान्यात रंगविभागात शिकाऊ म्हणून लागली. तिचे वडील साहेबराव भोसरीच्या कारखान्यातून निवृत्त झाले होते. लेक कायम व्हावी, एवढाच त्यांचा ध्यास. त्यासाठी तिला परीक्षेत मोटारीचा एक बंपर हाताने रंगवून दाखवायचा होता.

परीक्षेच्या दिवशी साहेबराव पहाटेच उठले आणि घरामागचे सगळे गवत मुळासकट उपटून आले. सदरा परागाने माखलेला होता. मैत्री बससाठी निघाली, तेव्हा त्यांनी तसेच तिला जवळ घेतले आणि दोन्ही हातांनी तिचे गाल कुरवाळले.

"सगळं उपटलं बघ, पोरी. आता शिंक यायचं नाव नाही."

ती दारातच शिंकली. मी लगेच कामाला लागले.

कारखान्यात पोहोचेपर्यंत तिचे नाक बंद झाले होते. अंगभर पांढरा पोशाख आणि तोंडावर मास्क चढवून तिने रंग फवारायची बंदूक उचलली. अर्धा बंपर आरशासारखा उतरला. तेवढ्यात शिंक आली, पाठोपाठ दुसरी, तिसरी. हाताला हिसका बसला आणि ओल्या रंगातून जाड ओघळ खाली उतरला.

विभागप्रमुख गणराज सरांनी तो ओघळ सगळ्या शिकाऊंना जवळ बोलावून दाखवला. मग ते मैत्रीला म्हणाले, "नाक धरून घरी बसा, मॅडम. इथं रंगाचं काम चालतं." काही जण हसले. मैत्रीच्या अंगावर अजून पोशाख होता, तोवर दुसऱ्या मुलीला आत बोलावले गेले. मैत्रीचे काम सुटले.

त्या आठवड्यात साहेबराव तिला डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी परागाची आणि माझी सगळी हकीकत समजावली. कित्येक वर्षे औषधाचे थेंब घेतले, तर आमच्यासारख्या पेशींना शांत करता येते, असेही त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारले, "पण एवढ्या फुलोऱ्यात ते गवत उपटलं कुणी?"

साहेबराव आपल्या हातांकडे पाहू लागले.

"मी," मैत्री म्हणाली.

साहेबरावांनी मान वर केली नाही. कामाविना बसलेल्या मैत्रीचे ते थेंब पैशांअभावी अजून सुरू झालेले नाहीत.

मित्रांनो, गवत काढायचेच तर फुलोरा येण्याआधी काढा. तोंड झाका आणि अंगावरचे कपडे बदलून मगच लेकरांना जवळ घ्या. कुणी शिंकले म्हणून त्याला हसू नका. औषध सांगितले असेल तर वेळेवर सुरू करा, कारण मला दयामाया शिकवलेली नाही. नव्याने उगवलेल्या गवताला पुन्हा कळ्या धरल्या आहेत, आणि मी जागी आहे.