सव्वा एकोणतीस अंगुळं

आमच्या रामघाटच्या घरापासून आमच्या गाडीपर्यंत चालत अठरा मिनिटं लागतात. गल्लीत सांड आडवा बसला असला तर पंचवीस. गल्लीत गाडी शिरत नाही, म्हणून ती मैदागिनला एका वकिलांच्या आवारात उभी असते. माझा नवरा शार्दूल रोज सकाळी चालत जाऊन ती पुसतो, चालत परत येतो आणि मग रिक्षाने बँकेत जातो. सत्त्याण्णव साली या ऑफिसर माणसाने लाल झेन घेतली ती बहुधा पुसण्यासाठीच.

पण या गाडीत एक माणूस बसत नव्हता आणि शार्दूलला सगळं दुःख त्याचंच होतं. तो माणूस म्हणजे माझे सासरे, विश्वेश्वरशास्त्री. मामंजी याज्ञिक, यज्ञाचं कुंड आखावं तर त्यांनीच, असं आमच्या गल्लीत म्हणतात. गेल्या दसऱ्याला शार्दूलने त्यांना मोठ्या हौसेने सारनाथला नेलं. पांडेपूरच्या वळणावर गाडी अशी कलली की मामंजींना घेरी आली आणि उपरणं खराब झालं. "ही गाडी फार हिलते," एवढंच ते म्हणाले आणि टेम्पोने परत आले.

आता चैत्रात विंध्याचलला मोठा याग होता आणि मामंजी त्याचे आचार्य. वय एकाहत्तर, गुडघे गेलेले, गेल्या वर्षी रेल्वेतून उतरताना फलाटावर पडलेले. तरी म्हणाले, "मी पॅसेंजरने जाईन." या वेळी पुन्हा पडले तर, हे शार्दूल मला दिवसातून चारदा विचारायचा, त्यांना एकदाही नाही. बापलेकांचं बोलणं म्हणजे 'दूध आलं का' आणि 'आलं'. सोळाव्या वर्षी शार्दूलने याज्ञिकी सोडून कॉमर्स घेतलं, तेव्हापासून हे असंच चाललं होतं.

मग शार्दूलने टायर बदलायचं ठरवलं. गाडी जरा सावकाश चालवली तरी हिलणार नाही, असं मी सुचवून पाहिलं. नाचता येईना अंगण वाकडं, हे मात्र मनातच म्हटलं. लहुराबीरच्या टायरवाल्याने त्याला पटवलं होतं की टायर रुंद हवा आणि त्याची बाजू ठेंगणी हवी, म्हणजे वळणावर ती दबत नाही. "भइया, तेरह में भी मिलेगा, पर चौदह इंच का रिम लगवाइए, गाड़ी सड़क पकड़ के चलेगी. बस नाप लीजिए कि मडगार्ड में समाए." घरभर टायरची पत्रकं झाली. एक माझ्या पोह्यांच्या बशीखाली निघालं. लग्नाआधी माझा फोटोसुद्धा या माणसाने इतका निरखला नव्हता.

रविवारी आम्ही दोघं मैदागिनला गेलो. चाक पूर्ण वळवून शार्दूल उकिडवा बसून टेपने मोजत होता, टेपचं एक टोक माझ्याकडे. तेवढ्यात कोणा यजमानाकडून परतणारे मामंजी समोर उभे. चुकीचं मोजणाऱ्या माणसावरून ते पुढे जाऊच शकत नाहीत. शिंप्यालाही सोडत नाहीत.

"काय मोजतोयस?" त्यांनी विचारलं.

"चाक, अण्णा. किती मोठं मावेल ते."

"गाडी कोणाच्या नावावर?"

"माझ्या."

"सरळ उभा राहा. हात वर कर."

बँकेचा ऑफिसर भर मैदागिनात पोलिसांनी पकडल्यासारखा हात वर करून उभा राहिला. दोन रिक्षावाले बघायला थांबले. मामंजींनी झोळीतून सुतळी काढली, तिचं टोक त्याच्या वर केलेल्या बोटांत दिलं, पायापर्यंत ताणली, दुमडली, गाठी मारल्या. मग गुडघ्यांचं नाव न काढता चाकापाशी बसले. अर्ध्या तासाने चिठ्ठी लिहून दिली: व्यास सव्वा एकोणतीस अंगुळं, याहून मोठा नको.

शार्दूलने टेप केव्हाच खिशात घातला होता. "अगं, अण्णा माझ्या गाडीपाशी बसले," एवढंच तो परतताना म्हणत होता. टेपनेही एकदा ताडून बघ म्हटलं, तर मी देवघरात चपला घालून गेल्यासारखं त्याने माझ्याकडे पाहिलं.

अंगुळ म्हणजे किती, हे मामंजींना विचारायची त्याची छाती झाली नाही. कुठल्याशा पोथीच्या शेवटच्या पानावर सापडलं: चोवीस अंगुळांचा हात, हात दीड फूट. म्हणजे अंगुळ पाऊण इंच. गुणाकार मी तपासला, मी शाळेत गणित शिकवते. बरोबर होता. त्या मापात चौदा इंची रिमचा टायर जेमतेम बसत होता, आणि शार्दूलला तोच हवा होता.

निघायच्या दिवशी सकाळीच चारही चाकं बसवून आणली. स्टेशनची वाट मैदागिनवरूनच जाते. मामंजी पिशवी घेऊन आले तेव्हा शार्दूल आणि मी गाडीशी उभे होतो. "अण्णा, तुमच्याच नापाचे टायर आहेत," तो म्हणाला. मामंजी "बघू" म्हणाले. आवारातून बाहेर काढायला त्याने स्टिअरिंग पूर्ण वळवलं आणि चाक मडगार्डला असं घासलं की वकिलांचं कुत्रं उठून पळालं.

झालं, आता पॅसेंजर, असं मला वाटलं. शार्दूल खाली उतरला. त्याच्या तोंडाकडे पाहवेना. मामंजींनी वाकून मडगार्डमध्ये बोट घातलं.

"अंगुळ कितीचं धरलंस?"

"पाऊण इंच."

"ते पुस्तकातलं. तुला हात वर करून उभं केलं ते कशाला? यजमानाचं शरीर मोजायचं, त्याचे एकशेवीस भाग करायचे. एक भाग म्हणजे त्याचं अंगुळ. तुझं पाऊण इंचाला कमी भरतं."

म्हणजे माझ्या नवऱ्याची उंची पोथीला पुरली नव्हती आणि तेवढ्याने चाक अर्धा इंच वाढलं होतं. एरवी मी हसले असते.

"मला माहीत नव्हतं, अण्णा," शार्दूल खाली मान घालून म्हणाला.

"कसं असेल? मी आयता आकडा हातात दिला. शिकवलं कुठे?" मामंजींनी पुढचं दार उघडलं आणि आत बसले. "पूर्ण घुमवल्यावरच घासतं ना? मग लांबून घुमव. आणि सावकाश चल."

सावकाश! हेच मी महिनाभर सांगत होते. पण मी मुकाट्याने मागे बसले.

नदीवरच्या पुलापलीकडे मामंजींनी हात, अंगुळ, कुंड असं सांगायला सुरुवात केली आणि शार्दूल विचारत गेला. वळणं आली नि गेली. घेरीची आठवण कोणालाच नव्हती. चुनारच्या अलीकडे मामंजी बोलता बोलता थांबले.

"तू शिकत होतास तेव्हा मी फार मारायचो का रे?"

शार्दूलने रस्त्यावरची नजर काढली नाही. "हो, अण्णा."

मला मागे रडू आलं आणि मी रडून घेतलं.

"आता गाडी तुझ्या हातात आहे, तेव्हा मारणार नाही," मामंजी म्हणाले. "ऐक पुढे. आठ यवांचं एक अंगुळ."

संथा घेताना गुरूने एकदा सांगायचं आणि शिष्याने दोनदा म्हणायचं असतं. शार्दूलने दोनदा म्हटलं.